अपस्मारावरील औषधे आणि प्रजनन-संप्रेरके : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

अपस्मार हा मज्जासंस्थेचा विकार आहे, प्रजननसंस्थेचा नव्हे. तथापि ज्या समाजात विवाह व अपत्यप्राप्ती ह्यांवर व्यक्तीचे, विशेषतः स्त्रीचे, कुटुंबातील स्थान ठरते, त्या समाजात ह्या विकाराची आणि त्यावरील औषधांची खरी कसोटी बहुधा विवाहानंतरच लागते. सातारा व सांगली हे कृष्णाकाठचे दोन जिल्हे ह्यास अपवाद नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ व सांगली जिल्ह्याची २८,२२,१४३ होती. भारतात निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या पाहण्यांवरून दर हजारी सुमारे पाच व्यक्तींस अपस्मार असतो, असे सामान्यतः धरले जाते. हे प्रमाण लावल्यास ह्या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे २९ हजार अपस्मारग्रस्त असावेत. हा आकडा प्रत्यक्ष गणतीचा नसून केवळ त्रैराशिकाने काढलेला आहे. परंतु प्रश्नाचा आवाका ध्यानी येण्यास तो पुरेसा आहे.

फेफरे, घुरे, मिरगी, आकडी, फीट अशा अनेक नावांनी मराठीत ओळखल्या जाणाऱ्या ह्या विकारावर उपचार करताना झटके थांबले की उपचार सफल झाला, असे मानण्याची रीत आहे. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. जे औषध वर्षानुवर्षे, दररोज, ऐन तारुण्यात पोटात जाते, त्याचा शरीरातील अन्य व्यवहारांवर परिणाम होणे अपरिहार्य आहे; आणि त्या व्यवहारांमध्ये प्रजनन-संप्रेरकांचा व्यवहार अग्रभागी येतो. हा परिणाम कोणत्या मार्गांनी घडतो आणि त्याची जाणीव औषध निवडण्याच्या वेळीच का असावी लागते, ह्याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

औषधांचा पूर्वेतिहास

अपस्मार आणि प्रजननसंस्था ह्यांचा संबंध औषधशास्त्राच्या इतिहासात अगदी आरंभापासून आढळतो. १८५७ साली लंडनमधील वैद्यकांच्या एका सभेत सर चार्ल्स लोकॉक ह्या प्रसूतितज्ज्ञाने पोटॅशियम ब्रोमाइडचा आपला अनुभव सांगितला. ज्या स्त्रियांस ऋतुस्रावाच्या सुमारास झटके येत, अशांस त्याने हे द्रव्य दिले होते. ते देण्याची कल्पना त्यास सुचली ती ह्या द्रव्याने पुरुषांत तात्पुरते नपुंसकत्व येते असे वाचनात आल्यामुळे. कामवासनेच्या उद्दीपनातून झटके उद्भवतात, अशी त्या काळची समजूत होती. तर्क सदोष होता, परंतु औषध गुणकारी ठरले आणि अपस्मारावरील पहिले परिणामकारक औषध म्हणून ब्रोमाइडचा प्रसार झाला.

त्यानंतर १९१२ मध्ये जर्मनीत हाउप्टमान ह्याने फिनोबार्बिटोनचा व १९३८ मध्ये अमेरिकेत मेरिट व पुटनम ह्यांनी फिनिटॉइनचा उपयोग दाखवून दिला. कार्बामाझेपीन हे द्रव्य १९५३ मध्ये तयार झाले व पुढील दशकात अपस्मारासाठी वापरात आले. व्हॅल्प्रोइक आम्लाचा झटकेरोधक गुण १९६२ मध्ये फ्रान्समध्ये जवळजवळ योगायोगानेच आढळला. इतर द्रव्ये विरघळविण्यासाठी द्रावक म्हणून ते वापरले जात होते. फिनोबार्बिटोन, फिनिटॉइन, कार्बामाझेपीन व व्हॅल्प्रोएट ही चार औषधे स्वस्त आहेत, सर्वत्र मिळतात आणि ग्रामीण भागातील उपचाराची मुख्य भिस्त त्यांवर राहिली आहे. प्रजनन-संप्रेरकांवर ज्यांचा परिणाम सर्वाधिक स्पष्ट झाला आहे, ती औषधेही नेमकी हीच चार होत. ह्या योगायोगामुळे हा विषय जिल्हा-पातळीवरील वैद्यकाच्या नित्य विचारातला ठरतो.

विकाराचा स्वतःचा परिणाम

औषधांचा विचार करण्यापूर्वी विकाराचा विचार करणे न्याय्य होईल. अन्यथा विकाराचा दोष औषधाच्या माथी मारला जाण्याचा संभव असतो. प्रजनन-संप्रेरकांचे सूत्रचालन मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडून होते. तेथून ठराविक अंतराने, स्पंदनांच्या रूपाने, एक प्रेरक द्रव्य निघते; त्याच्या आज्ञेने पोष ग्रंथी आपली दोन संप्रेरके रक्तात सोडते; आणि त्यांच्या योगाने स्त्रीचे अंडाशय व पुरुषाचे वृषण कार्यप्रवृत्त होतात. कानशिलाजवळील मेंदूखंडात उगम पावणाऱ्या अपस्मारात अमिग्डाला नामक भाग वारंवार उद्दीपित होतो. ह्या भागाचे तंतू थेट हायपोथॅलॅमसकडे जात असल्याने स्पंदनांची लय बिघडते. सर्वांगाचा मोठा झटका येऊन गेल्यावर दहा ते वीस मिनिटांत रक्तातील प्रोलॅक्टिन वाढलेले आढळते, हा त्याचाच एक दृश्य पुरावा होय.

उलट दिशेनेही परिणाम घडतो. इस्ट्रोजेन मज्जापेशींची उत्तेजनक्षमता वाढविते, तर प्रोजेस्टेरोनपासून शरीरात तयार होणारे अॅलोप्रेग्नॅनोलोन हे द्रव्य मेंदूतील शामक ग्राहकांवर कार्य करून ती कमी करते. म्हणूनच पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरोन एकाएकी उतरले की काही स्त्रियांत झटक्यांची संख्या वाढते. लोकॉकने पाहिलेल्या रुग्णांचे कोडे अशा रीतीने शतकाहून अधिक काळानंतर उलगडले. वारंवार झटके येत राहिल्यास ऋतुनिवृत्ती लवकर होते, असेही अमेरिकेतील २००३ च्या एका अभ्यासात आढळले. तेव्हा झटके तसेच चालू ठेवणे हाही प्रजननाच्या दृष्टीने निर्धोक मार्ग नव्हे, हे प्रथमच स्पष्ट करणे अगत्याचे आहे.

यकृताच्या मार्गाने होणारा परिणाम

फिनोबार्बिटोन, फिनिटॉइन व कार्बामाझेपीन ह्या तीन औषधांची कार्यपद्धती एका बाबतीत समान आहे. ती यकृतातील वितंचकांस, म्हणजेच एन्झाइमांस, उत्तेजित करतात. यकृताचे एक काम परकी द्रव्ये निकामी करून बाहेर टाकण्याचे आहे. परंतु त्याच वितंचकांकरवी शरीराची स्वतःची संप्रेरकेही निकामी होत असतात. वितंचकांचा व्यापार वाढला की इस्ट्रोजेन व टेस्टोस्टेरोन ह्यांचा क्षयही जलद होतो.

ह्याच औषधांचा दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. रक्तातील टेस्टोस्टेरोनचा मोठा भाग यकृतात बनणाऱ्या एका बंधक प्रथिनास घट्ट चिकटून असतो व त्या स्थितीत तो निष्क्रिय राहतो. पेशींवर कार्य करतो तो केवळ मुक्त अथवा सैलपणे जोडलेला अल्पांश. वरील औषधांनी बंधक प्रथिनाचे प्रमाण वाढते. परिणामी एकूण टेस्टोस्टेरोन नेहमीइतकेच, क्वचित अधिकही, दिसते. परंतु मुक्त अंश घटलेला असतो. एखाद्या तरुणाने कामेच्छा उणावल्याची अथवा लिंगशैथिल्याची तक्रार केली, प्रयोगशाळेने केवळ एकूण टेस्टोस्टेरोन मोजले आणि अहवाल निर्दोष आला, तर त्याची तक्रार मानसिक ठरवून बाजूस सारली जाते. प्रत्यक्षात दोष मापनाच्या निवडीत असतो. अशा रुग्णांत बंधक प्रथिनाचे मापन केल्यावाचून टेस्टोस्टेरोनच्या आकड्याचा अर्थ लागत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. स्त्रियांत ह्याच यंत्रणेने इस्ट्रोजेनचा क्रियाशील अंश उतरतो व पाळी अनियमित होऊ शकते.

पुरुषांच्या वीर्यपरीक्षणात कार्बामाझेपीन व व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांमध्ये शुक्रजंतूंची गती मंदावणे व त्यांच्या आकारात विकृती आढळणे, असे बदल फिनलंडमधील संशोधकांनी २००४ मध्ये नोंदविले. औषध बदलल्यावर वा वैद्यकाच्या देखरेखीखाली बंद केल्यावर संप्रेरकांची पातळी बऱ्याच प्रमाणात पूर्ववत होऊ शकते. तेव्हा मूल न होण्याचे कारण शोधताना पुरुषाची तपासणी आधी वा निदान बरोबरीने व्हावी, ह्यास येथे शास्त्रीय आधार आहे.

व्हॅल्प्रोएटची निराळी रीत

व्हॅल्प्रोएट वितंचकांस उत्तेजित करीत नाही. उलट त्यांपैकी काहींस ते अडविते. त्यामुळे पुरुषी संप्रेरके साठत जातात. शिवाय ते अंडाशयातील पेशींवर प्रत्यक्ष कार्य करते, असे प्रयोगांवरून दिसते. आणि वजन व इन्शुलिन वाढवून अंडाशयास पुरुषी संप्रेरके अधिक निर्माण करण्यास अप्रत्यक्षपणे प्रवृत्तही करते. ह्या सर्वांची परिणती म्हणजे पाळी लांबणे, अंडमोचन न होणे, चेहऱ्यावर लव व मुरुमे येणे, आणि अंडाशयात अनेक लहान पुटिका दिसणे. बोलभाषेत आज ज्यास सर्रास पीसीओडी म्हटले जाते, तीच ही अवस्था.

१९९३ मध्ये फिनलंडमधील औलू येथील इसोयार्वी व त्यांचे सहकारी ह्यांनी ह्यासंबंधी केलेले संशोधन मूलभूत मानले जाते. २० वर्षे वयाच्या आत ज्यांस व्हॅल्प्रोएट सुरू झाले, अशा स्त्रियांपैकी ८० टक्के स्त्रियांत बहुपुटी अंडाशय अथवा पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आढळले. पुढे त्याच गटाने व्हॅल्प्रोएटच्या जागी लॅमोट्रिजीन दिले असता वर्षभरात टेस्टोस्टेरोन खाली आले व पुटिकांचे प्रमाणही घटले. ह्यावरून दोन निष्कर्ष निघतात : पौगंडावस्थेतील अंडाशय ह्या औषधास अधिक संवेदनशील असते, आणि झालेला बदल सामान्यतः कायमचा नसतो.

केरळमधील नोंदींची साक्ष

युरोपातील निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडतात काय, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर काही अंशी केरळमधून मिळते. तिरुवनंतपुरम येथील श्रीचित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून अपस्मारग्रस्त स्त्रियांच्या गर्भधारणेची नोंदवही ठेवली गेली. मूल हवे असलेल्या ३७५ स्त्रियांचा मागोवा घेऊन २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ३८.४ टक्के स्त्रियांस त्या काळात गर्भधारणा झाली नाही. औषध न घेणाऱ्यांत हे प्रमाण ७.१ टक्के होते. एक औषध घेणाऱ्यांत ३१.८, दोन औषधे घेणाऱ्यांत ४०.७, आणि तीन वा अधिक औषधे घेणाऱ्यांत ६०.३ टक्के.

ह्या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. ज्यांचा अपस्मार तीव्र, त्यांसच अधिक औषधे लागतात. म्हणून संपूर्ण फरक औषधांचाच, असे म्हणता येत नाही. परंतु फिनोबार्बिटोनचा वंध्यत्वाशी संबंध ह्या अभ्यासात स्वतंत्रपणे दिसून आला, तर व्हॅल्प्रोएटचा तसा दिसला नाही. फिनलंडमधील निष्कर्षांशी हे वरवर विसंगत वाटते. तथापि अंडाशयातील पुटिका व प्रत्यक्ष वंध्यत्व ह्या एकच गोष्टी नव्हेत, हे ध्यानात घेतल्यास विसंगती बरीच दूर होते. दोहोंमधून निघणारा व्यावहारिक बोध एकच : शक्य तेथे एकच औषध, अल्पतम परिणामकारक मात्रेत द्यावे.

गर्भनिरोधन व गर्भावस्था

जे औषध शरीरातील इस्ट्रोजेन जलद निकामी करते, ते गोळीवाटे घेतलेल्या इस्ट्रोजेनासही सोडीत नाही. शासकीय केंद्रांत मिळणाऱ्या माला-एन ह्या गोळीत ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्राडायॉल व ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असते. कार्बामाझेपीन, फिनिटॉइन वा फिनोबार्बिटोन घेणाऱ्या स्त्रीत ही मात्रा अपुरी पडू शकते आणि गोळी नियमाने घेऊनही दिवस राहू शकतात. अशा स्त्रियांस तांबी अथवा तीन महिन्यांनी द्यावयाचे अंतरा इंजेक्शन अधिक भरवशाचे असते. लॅमोट्रिजीनच्या बाबतीत हाच व्यवहार उलटा होतो : तेथे गोळीतील इस्ट्रोजेन औषधास निकामी करते, त्याची रक्तातील पातळी निम्म्याच्या आसपास उतरते व थांबलेले झटके पुन्हा उद्भवतात. गर्भावस्थेत इस्ट्रोजेन स्वभावतःच वाढत असल्याने तेव्हाही लॅमोट्रिजीनची पातळी घसरते. प्रसूतीनंतर ती पुन्हा चढते. मात्रेचे समायोजन दोन्ही वेळी करावे लागते.

गर्भावर होणारा परिणाम हा संप्रेरकांपलीकडील विषय असला तरी औषधाची निवड करताना तो टाळता येत नाही. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या सुमारे १० टक्के अपत्यांत जन्मजात व्यंगे आढळतात; सर्वसाधारण प्रमाण २ ते ३ टक्के असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात सहा वर्षांच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक व्हॅल्प्रोएटच्या गटात ९७, कार्बामाझेपीनच्या गटात १०५, तर लॅमोट्रिजीन व फिनिटॉइनच्या गटांत प्रत्येकी १०८ भरला. २०१८ मध्ये युरोपीय औषध-नियामकांनी गर्भधारणक्षम स्त्रियांसाठी व्हॅल्प्रोएटवर कडक निर्बंध घातले, २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याच आशयाचा इशारा दिला, आणि २०२४ मध्ये युरोपात हे औषध घेणाऱ्या पुरुषांसाठीही, गर्भधारणेपूर्वीच्या तीन महिन्यांच्या संदर्भात, सावधगिरीच्या सूचना निघाल्या. असे असले तरी सर्वांगी अपस्माराच्या काही प्रकारांत व्हॅल्प्रोएटइतके गुणकारी दुसरे औषध नाही. त्यामुळे सरसकट बंदी हे उत्तर नसून प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र विचार हेच उत्तर होय.

दोन जिल्ह्यांतील प्रश्नाचे स्वरूप

सातारा-सांगली भागास आधुनिक वैद्यकाची परंपरा जुनी आहे. मिरजेत डॉ. वॉन्लेस ह्यांचे मिशन रुग्णालय १८९४ पासूनचे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे. कराडचे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय १९८४ चे. तथापि ज्ञान रुग्णापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत दोन अडथळे राहिले. पहिला अडथळा दैवी कोपाच्या कल्पनेचा. झटका आलेल्याच्या नाकाशी कांदा वा चप्पल धरणे, बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे नेणे, ह्या प्रकारांनी उपचारास विलंब होतो. साताऱ्यात जन्मलेले व मिरजेच्या महाविद्यालयात वैद्यक शिकलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांनी अशा समजुतींविरुद्ध आयुष्यभर कार्य केले; २०१३ मध्ये त्यांची हत्या झाल्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला.

दुसरा अडथळा विवाहविषयक धास्तीचा. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहास अपात्र ठरविणारी बाब म्हणून घातले गेले, आणि अशा कारणावरून विवाह रद्द करून घेता येऊ लागला. १९९९ च्या दुरुस्तीने अपस्माराचा हा उल्लेख वगळण्यात आला. कायदा बदलला, परंतु लपविण्याची सवय तितक्या लवकर बदलत नाही. सासरी कळू नये म्हणून लग्नाच्या धामधुमीत गोळ्या बंद करणे, ही ह्या सवयीची सर्वांत घातक परिणती. औषध एकाएकी थांबविल्यास झटक्यांची अखंड मालिका सुरू होऊन प्राणावर बेतू शकते. विवाहानंतर दिवस गेले नाहीत की दोष सुनेवर येतो. पतीची तपासणी होत नाही. आणि पाळीच्या तक्रारीचा अपस्माराच्या औषधाशी संबंध असू शकेल, हे स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेलेल्या कुटुंबास सांगावेसेही वाटत नाही, कारण मूळ विकारच झाकून ठेवलेला असतो. अशा रीतीने शास्त्रास ज्ञात असलेले व पुष्कळदा दुरुस्त होण्याजोगे कारण त्या स्त्रीच्या नशिबी वांझपणाचा शिक्का म्हणून येते.

जत, आटपाडी, माण, खटाव ह्यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतून येणाऱ्या रुग्णास वारंवार संप्रेरक-मापन करून घेणे परवडणारे नसते. परंतु ह्या विषयातील बहुतांश गोष्टी प्रयोगशाळेवाचून, केवळ विचारल्याने कळतात. मुलीस किंवा स्त्रीस पाळीचे अंतर, वजनातील वाढ, चेहऱ्यावरील लव ह्यांविषयी विचारणे. झटक्यांची व पाळीची नोंद एकाच दिनदर्शिकेवर ठेवावयास सांगणे. पुरुषास कामेच्छेविषयी एकांतात व संकोच न वाटेल अशा शब्दांत विचारणे. संततिनियमनाचे कोणते साधन वापरात आहे, हे जाणून घेणे. आणि मूल हवे असल्यास औषधाची फेरतपासणी व फॉलिक आम्ल हे गर्भधारणेपूर्वीच व्हावे असे बजावणे : एवढे प्राथमिक आरोग्य केंद्रातही शक्य आहे.

सारांश, विकार, औषध व संप्रेरके ह्यांचा संबंध त्रिकोणाकृती आहे. त्यातील एक बाजू हलविली की उरलेल्या दोन हलतात. झटके अनियंत्रित ठेवणे व औषध परस्पर बंद करणे हे दोन्ही मार्ग त्याज्य होत. पौगंडावस्थेतील मुलामुलींस औषध सुरू करतानाच त्यांच्या पुढील वैवाहिक आयुष्याचा विचार करणे, आणि तो त्यांच्या मातापित्यांशी उघडपणे बोलणे, हा तिसरा मार्ग आहे. औषध बदलावयाचे असल्यास ते गर्भ राहिल्यानंतर घाईने बदलण्यापेक्षा आधी सावकाश बदलणे अधिक सुरक्षित असते. जिल्ह्यातील मज्जाविकारतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ व सामान्य वैद्यक ह्यांनी एकाच रुग्णाच्या एकाच कागदावर आपापल्या नोंदी कराव्यात, इतकी साधी व्यवस्था झाली तरी पुष्कळ वंध्यत्वाचे मूळ वेळीच उमगेल. आणि ह्या दोन जिल्ह्यांतील पाळीची अनियमितता, वीर्यदोष व घेतलेली औषधे ह्यांची पद्धतशीर पाहणी हा पदव्युत्तर अभ्यासकांस हाती घेण्याजोगा विषय ठरेल.